डुशेन, स्टिरॉइड आणि माझ्या मुलाचे मणके

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजवणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाच्या आईला स्नायूंबद्दल काहीही विचारा, ती तासभर बोलेल. पोटऱ्या का फुगतात, जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत का उठतं, डिस्ट्रोफिन हे स्नायूंना सांभाळणारं प्रथिन नसलं की काय बिघडतं, मूल वरवर ठणठणीत दिसत असतानाही हृदयाची तपासणी का करायची, हे सगळं तिला पाठ झालेलं असतं. हाडांचा विषय मात्र या सगळ्याच्या तळाशी राहून जातो. आमच्या घरात तो वर आला मुलगा नऊ वर्षांचा असताना, आणि तेव्हापासून एक दिवसही मागे पडलेला नाही. ज्यांचं मूल बराच काळ स्टिरॉइडवर आहे, मग आजार कुठलाही असो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

त्याला पाचव्या वर्षी डिफ्लाझाकॉर्ट हे स्टिरॉइड सुरू झालं. रोज, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.९ मिलिग्रॅम. या आजारात स्टिरॉइडमुळे मुलं साधारण दोन-तीन वर्षं जास्त चालतात, श्वासाची ताकद जास्त काळ टिकते, पाठीला बाक येण्याचं प्रमाण कमी होतं. त्याच्या वर्गातली मुलं पळत होती तेव्हा माझा मुलगा निदान चालत होता, तो या गोळीच्या जिवावर. दुष्परिणामांची यादी आम्हाला आधीच मिळाली होती. भूक वाढेल, चेहरा गोल होईल, उंची थांबेल, डोळे तपासत राहा. 'हाडं कमजोर होऊ शकतात' हेही त्यात होतं, एका ओळीत.

मग त्याची पाठ दुखायला लागली. तो कुरकुर करणारा मुलगा नाही, त्यामुळे मला ते त्याच्या वागण्यातून कळलं. गाडी खड्ड्यातून गेली की तो दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून अंग उचलून घ्यायचा. काखेत हात घालून उचलायला गेलं की म्हणायचा, "आई, तसं नको, कंबरेला धर." शाळेतून आला की आधी आडवा व्हायचा. नेमकं कुठं दुखतंय असं विचारलं तेव्हा त्याने हात मागे नेऊन पाठीच्या मधोमध, दोन खांद्यांच्या जरा खाली, एका बोटाने जागा दाखवली. सगळी पाठ नाही, एकच जागा. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण थकलेली पाठ एका बोटाने दाखवता येत नाही.

जवळच्या एका डॉक्टरांनी तपासलं आणि दप्तर जड असेल, बसण्याची पद्धत सुधारा असं सांगून मलम दिलं. माझ्या मुलाने दप्तर उचलून कितीतरी काळ लोटला होता. त्याचं दप्तर वर्गातली मुलं न्यायची. मी मलम पिशवीत टाकलं आणि त्याच संध्याकाळी त्याच्या डुशेनच्या क्लिनिकमधल्या नर्सताईंना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे शेवटचा कधी झालाय?" तो झालेलाच नव्हता. समोरून काढलेला होता, पाठीला बाक आहे का ते बघायला. समोरून बाक दिसतो, दबलेला मणका बहुधा बाजूनेच दिसतो.

एक्स-रे हार्मोनच्या डॉक्टरांनी वाचला. या मुलांच्या हाडांचं काम बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडेच असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. निरोगी मणके बाजूने पाहिले तर एकावर एक रचलेल्या काड्यापेट्यांसारखे दिसतात, पुढची उंची आणि मागची उंची सारखी. माझ्या मुलाच्या पाठीत छातीमागचा सातवा आणि आठवा मणका पुढच्या बाजूने चेपून तिरके झाले होते, आणि कमरेचा पहिला मधोमध खचला होता. बाईंनी पेनाने स्क्रीनवर पुढची आणि मागची उंची मोजून दाखवली. २० ते २५ टक्के उंची गेली असेल तर सौम्य, २५ ते ४० टक्के गेली तर मध्यम, त्याहून जास्त गेली तर गंभीर, असे तीन टप्पे धरतात. आठवा मणका मध्यममध्ये होता.

"हा सातवा जुना आहे," त्या म्हणाल्या. "याच्या कडा बघा, भरत आल्यात. हा कधीतरी आधीच दबलाय."

आधीच म्हणजे कधी? पडला तेव्हा? तो तर पडतच असतो. पण एखादं पडणं आठवून त्याच्याशी जोडता येईल असं यात काही नव्हतंच. स्टिरॉइडवरच्या मुलांचे मणके रोजच्या उठण्या-बसण्यातसुद्धा दबतात आणि बऱ्याचदा दुखतही नाहीत. हात किंवा पाय मोडला तर घर डोक्यावर येतं. मणका मोडतो आणि मूल शाळेत जाऊन येतं. आठव्याने दुखवलं म्हणून आम्हाला सातवा सापडला.

असं का होतं ते बाईंनी सांगितलं आणि मला ते पटलं, म्हणून इथे मांडते. वाढत्या वयात हाड सतत मोडून बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड काढतात, काही नवं भरतात. स्टिरॉइड भरणाऱ्या पेशींवर जास्त घाव घालतं. त्यात हाड किती मजबूत बांधायचं याचा हुकूम त्याला स्नायूंच्या ओढीतून मिळतो. पळणं, उड्या मारणं, लोंबकळणं, हे सगळं हाडांना सांगत असतं की आणखी भर घाला. डुशेनमध्ये ती ओढच कमी. शिवाय घरात जास्त वेळ बसून राहिल्याने ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी. पुढे स्टिरॉइडमुळे वयात येणंही लांबतं, आणि हाडांची मोठी भर तर त्याच वयात पडते. इतर आजारांत ही वजाबाकी जरा वेगळ्या वाटेने होते. सांधेदुखीच्या किंवा आतड्याच्या आजारात शरीरातला दाह स्वतःच हाड खातो, आतड्याच्या आजारात अन्नातलं कॅल्शियम नीट शोषलंही जात नाही, आणि ल्युकेमियात तर कधी कधी औषध सुरू होण्याआधीच हाडं पोखरलेली असतात. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात ल्युकेमियाचं निदान झालं त्याच सुमारास १६ टक्के मुलांचा निदान एक मणका दबलेला सापडला होता. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गप्पच झाले.

नंतर डेक्सा झाली, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. तपासणी सोपी आहे, मूल पाठीवर झोपतं, वरून यंत्राचा हात फिरतो, किरणोत्सर्ग अगदी थोडा. आमच्यासाठी अवघड भाग एवढाच होता की त्याचे गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत, म्हणून उशी देऊन टेकवावे लागले. पण रिपोर्ट वाचणं ही वेगळी गोष्ट आहे आणि इथे पालकांनी जागं राहायला हवं. मुलांमध्ये झेड-स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी तुलना, टी-स्कोअर नाही. टी-स्कोअर मुलाच्या हाडाची तुलना तरुण माणसाच्या पूर्ण वाढलेल्या हाडाशी करतो, त्यात निरोगी मूलही कमीच भरेल. माझ्या मुलाची उंची वयापेक्षा बरीच कमी आहे, त्यामुळे उंचीचाही हिशेब करावा लागतो, नाहीतर लहान हाड हे विरळ हाड म्हणून मोजलं जातं. आणि दबलेला मणका तर यंत्राला उलट जास्त घट्ट वाटतो, म्हणून कमरेचा पहिला मणका मोजणीतून वगळला.

एवढं सगळं करून आकडा आला उणे १.८. सीमारेषा उणे २ ची. म्हणजे कागदावर हाडं 'मर्यादेत'. तपासणी करणाऱ्यांनी रिपोर्टच्या खाली तसं लिहूनही दिलं होतं. त्याच्या बाबांचा चेहरा ते वाचून खुलला.

बाईंनी मात्र आकड्याकडे फार बघितलंच नाही. इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री या संस्थेने २०१३ मध्ये मुलांच्या ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याची, व्याख्या ठरवली, तीत मोठा मार बसलेला नसताना आणि त्या जागी दुसरा कुठला आजार नसताना एक जरी मणका दबला तरी तो ऑस्टिओपोरोसिस, मग घनतेचा आकडा काहीही असो. हातापायांची लांब हाडं मोडली तर मात्र आकडाही लागतो. वयाच्या दहापर्यंत दोन किंवा अधिक, एकोणिसापर्यंत तीन किंवा अधिक फ्रॅक्चर, आणि झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली. २०१८ मध्ये डुशेनच्या उपचारांच्या ज्या आंतरराष्ट्रीय शिफारसी आल्या, त्यांनी याच कारणाने भर डेक्सावरून मणक्यांच्या एक्स-रेवर नेला. पहिला एक्स-रे सुरुवातीलाच, नंतर स्टिरॉइडवर असलेल्या मुलांचा दर एक ते दोन वर्षांनी, दुखत असो वा नसो. दुखलं तर लगेच. त्याच शिफारसींत लिहिलंय की डुशेनच्या २० ते ६० टक्के मुलांचं हातापायाचं हाड किरकोळ माराने मोडतं, आणि ३० टक्क्यांपर्यंत मुलांना मणक्याच्या फ्रॅक्चरचा त्रास होतो. एवढं सगळं असूनही पालकांच्या गप्पांत हाडं शेवटी येतात. हे बदलायला हवं असं मला फार तळमळीने वाटतं.

घरी आल्यावर त्याचे बाबा म्हणाले, "मग बंदच करू ना ती गोळी. आपल्याच हाताने देतोय आपण त्याला."

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्याचं उत्तर घरात बसून ठरवायचं नसतं. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलं की मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवायचं थांबवतात. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर मूल दगावू शकतं. कमी करायची तरी टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या नजरेखाली. आम्ही पुढच्या भेटीत हाच प्रश्न घेऊन बसलो. बाईंनी घाई केली नाही. गोळी थांबवली तर हाडांवरचा भार कमी होईल, पण पाय लवकर जातील, आणि पाय गेले की हाडं आणखी विरळ होतील. छाती, हृदय, पाठीचा कणा, सगळ्यांचा विचार एकत्र करायचा. शेवटी ठरलं की गोळी चालू ठेवायची, वाढत्या वजनाबरोबर डोस आपोआप चढवत न्यायचा नाही, आणि हाडांवर वेगळा इलाज सुरू करायचा. बाबांनी मान डोलावली. त्या रात्री गोळी त्यांनीच काढून दिली, एरवी ते काम माझं असतं.

इलाज म्हणजे झोलेड्रोनिक अॅसिड, शिरेतून, दर सहा महिन्यांनी. हाड काढणाऱ्या पेशींना हे औषध थोपवतं. नवं हाड ते बांधत नाही, पण आहे ते टिकवतं, आणि वाढतं मूल त्यावर स्वतःची भर घालतं. या औषधांच्या घराण्याचा मुलांमधला मोठा अनुभव आधी ठिसूळ हाडांच्या जन्मजात आजारात आला. मॉन्ट्रियलच्या फ्रान्सिस ग्लोरियो यांच्या गटाने १९९८ मध्ये याच घराण्यातल्या पॅमिड्रोनेटबद्दल लिहिलं, तेव्हापासून वाट मोकळी झाली. मोठ्यांसाठी याच जातीच्या गोळ्या असतात, पण मणके दबलेल्या मुलांमध्ये शिरेतून दिलेल्या औषधावरच जास्त भरवसा ठेवतात. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, हेही त्यांनी झाकलं नाही. म्हणूनच प्रत्येक स्टिरॉइडवरच्या मुलाला आधीपासून देऊन ठेवत नाहीत, हाड मोडल्याची खूण दिसली की देतात.

आधी तयारीच्या तपासण्या. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड हार्मोन, ड जीवनसत्त्व. ड जीवनसत्त्व कमी असताना हे औषध दिलं तर कॅल्शियम झपकन खाली येतं, म्हणून आधी ते भरून काढायचं. आमचं कमी निघालं, त्यामुळे काही आठवडे थांबावं लागलं. दात तपासून घेतले, एखादा काढायचा असेल तर आधीच काढावा म्हणून. मूत्रपिंडांच्या तपासणीत एक गोष्ट मला नव्याने कळली. नेहमी बघतात ते क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. डुशेनच्या मुलात स्नायूच कमी, त्यामुळे मूत्रपिंड बिघडलेलं असलं तरी क्रिएटिनिन सुरेख दिसू शकतं. या मुलांसाठी सिस्टॅटिन सी नावाची तपासणी जास्त खरी. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलं की मी आता हे आधी सांगते.

पहिली ड्रिप. वॉर्डात शेजारच्या पलंगावर सांध्यांचा आजार असलेली एक मुलगी होती, पलीकडे ल्युकेमियाचा उपचार संपत आलेला मुलगा. तिघांचे तीन आजार, तिघांना एकच बाटली. त्या मुलीची आई जुनी होती यात. तिने मला सांगितलं, "आजचं काही नाही हो ताई, उद्या रात्री ताप येतो. पहिल्याच वेळी येतो. घाबरू नका, पण तयारीत राहा."

ड्रिप स्वतः तासाभराच्या आत संपली. मुलगा मोबाइलवर खेळत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने खेळ बाजूला ठेवला आणि म्हणाला, थंडी वाजतेय. मग ताप चढला, अंग इतकं दुखत होतं की चादर बदलायलाही नको म्हणायचा. औषधाने शरीर खवळतं, पहिल्या एक ते तीन दिवसांत हे होतं आणि पॅरासिटामॉलने निभावतं. पण स्टिरॉइडवरच्या मुलात यात दुसरा धोका लपलेला असतो. निरोगी शरीर तापाच्या वेळी स्वतःहून जास्त कॉर्टिसॉल बनवतं. याचं शरीर ते बनवू शकत नाही. म्हणून ताप, उलट्या, फ्रॅक्चर, ऑपरेशन, अशा प्रत्येक प्रसंगी जादा स्टिरॉइड द्यावं लागतं. आमच्याकडे ठरलेला डोस लिहिलेला होता, तो आम्ही ताप चढताच सुरू केला. पुढचे काही दिवस कॅल्शियमच्या गोळ्या, आणि बोटांना मुंग्या येतात का, ओठाभोवती झिणझिण्या येतात का यावर लक्ष. तसं काही झालं नाही. पुढच्या ड्रिपला ताप जेमतेम आला, त्यानंतर आलाच नाही.

पाठदुखी काही आठवड्यांत उतरली. एक दिवस गाडीत मागे वळून पाहिलं तर खड्डा आला तरी त्याचे हात मोबाइलवरच होते.

इथे हे लिखाण संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण औषध हाड मजबूत करतं, पडणं थांबवत नाही. पुढच्या वर्षी तो घरातच दाराशी वळताना कोसळला. गुडघा वाकला, पाय अंगाखाली आला. आवाज झाला नाही, तो ओरडलाही नाही. चेहरा पांढरा पडला आणि म्हणाला, "आई, उचलू नकोस." गुडघ्याच्या जरा वर मांडी सुजायला लागली होती. या मुलांची मांडी मोडते ती बहुतेक इथेच.

आम्ही त्याला उचललं नाही. पाय होता तसा, दोन्ही बाजूंनी उश्या लावून, पट्टीने बांधून, अँब्युलन्सची वाट पाहिली. मी फ्रिजवर लावलेला कागद काढून हातात घेतला. तो कागद बाईंनी आमच्याकडून आधीच करून घेतला होता. त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं आणि डोस, आणीबाणीत द्यायच्या हायड्रोकॉर्टिसोनचा, म्हणजे जादा स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा, आकडा (त्याच्या वयाला ५० मिलिग्रॅम), भूल देताना टाळायची औषधं आणि त्यांचा फोन नंबर होता.

तातडीच्या विभागातले डॉक्टर तरुण होते, भले होते. पण म्हणाले, "रक्तदाब चांगला आहे, जादा स्टिरॉइड आत्ता कशाला?" मी म्हटलं, रक्तदाब पडायची वाट बघायची नाही, कागदावर तेच लिहिलंय, आणि बाईंना फोन लावून त्यांच्या हातात दिला. इंजेक्शन दिलं गेलं. मग एक्स-रे. मांडीचं हाड मोडलेलं होतं.

आवाज चढवायला लागला नाही, पण गरज पडती तर मी चढवला असता. डुशेनच्या मुलाचं हाड मोडतं तेव्हा जीव जातो तो बहुतेक हाडामुळे नाही. एक कारण हे, वेळेवर जादा स्टिरॉइड न मिळणं. दुसरं, मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुफ्फुसात आणि मेंदूत जाणं. त्याला फॅट एम्बोलिझम म्हणतात. या मुलांमध्ये ते व्हीलचेअरवरून साधं घसरून पडल्यावरही झालेलं आहे. पडल्यानंतर दोन-तीन दिवसांत धाप लागणं, नाडी जोरात चालणं, मूल गोंधळल्यासारखं बोलणं, अंगावर बारीक लाल ठिपके येणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. 'फ्रॅक्चर दिसत नाही' असं कुणी सांगितलं असलं तरी नाही. त्या रात्री मी त्याच्याशी दर थोड्या वेळाने काहीतरी बोलत राहिले, उत्तर नीट येतंय ना ते ऐकायला.

हाडांच्या सर्जननी सुरुवातीला प्लास्टर सुचवलं. दुसऱ्या मुलाला तेच केलं असतं आणि बरोबर केलं असतं. पण चालत्या डुशेनच्या मुलाला कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये झोपवलं तर उठल्यावर पाय चालायचे विसरलेले असतात, आणि ते परत येत नाहीत. म्हणून शक्य असेल तर हाड आतून प्लेट किंवा रॉडने पक्कं बसवायचं आणि लवकरात लवकर उभं करायचं. सर्जननी बाईंशी बोलून घेतलं आणि विचार बदलला. त्यांचं मला फार कौतुक वाटतं. भूलतज्ज्ञांनी स्वतः येऊन सांगितलं की सक्सिनिलकोलिन आणि नाकातून देण्याचे भुलीचे वायू ते वापरणार नाहीत, सगळी भूल शिरेतून देतील. डुशेनमध्ये त्या औषधांनी स्नायू फुटून हृदय थांबू शकतं.

काही दिवसांत फिजिओताईंनी त्याला उभं राहायच्या चौकटीत उभं केलं. गुडघ्याला आधार, छातीला पट्टा. पाय थरथरत होते आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, कारण ताईंनी काटा बाराला गेला की सोडेन असं सांगितलं होतं. तो त्यानंतर घरात धरून धरून चालला. काही महिने. मग चालणं थांबलं, आणि ते आजारामुळे थांबलं, त्या दाराशी पडल्यामुळे नाही. हा फरक आमच्यासाठी मोठा आहे.

व्हीलचेअर आली की हाडांची काळजी कमी होत नाही, तिची जागा बदलते. आता मोडण्याची भीती उचलताना, वळवताना, चाकाखाली पाय अडकण्यात. आमच्या घरात काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. दाराबाहेर जाताना खुर्चीचा पट्टा लावलेलाच असतो, चार पावलं जायचं असलं तरी. खुर्ची हलण्याआधी पावलं पायपट्टीवर आहेत का ते डोळ्यांनी बघायचं. काखेत हात घालून उचलायचं नाही. पँट घालताना पाय ओढून पिळायचा नाही, पँट पायावर चढवायची. ताणाचे व्यायाम रोज, पण झटका देऊन नाही, आणि गुडघा अडला तिथे थांबायचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, आजी-आजोबांपासून शाळेतल्या मदतनीस मावशींपर्यंत, मी हे स्वतः करून दाखवलं आहे. मावशींनी एकदा मलाच टोकलं, "ताई, पाय बघा त्याचा." मला तेव्हा फार बरं वाटलं.

आता तो चौदाचा आहे. गेल्या एक्स-रेमध्ये नवा मणका दबलेला नव्हता. आठवा थोडा भरला आहे, पूर्ण नाही. ज्या मुलांची वाढ पुढे बरीच बाकी असते आणि ज्यांचं स्टिरॉइड थांबू शकतं, त्यांचे चेपलेले मणके बऱ्यापैकी पुन्हा आकार घेतात. ल्युकेमियाचा उपचार संपलेल्या त्या शेजारच्या मुलाचे घेतील अशी मला खात्री वाटते. आमच्याकडे स्टिरॉइड चालू आहे आणि उंची मंद आहे, त्यामुळे मणके आहेत तसे टिकणं हीच कमाई. वयात येण्याच्या खुणा त्याच्यात नव्हत्या, म्हणून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं आहे, कमी डोसपासून, हळूहळू वाढवत.

या वेळी बाईंना प्रश्न त्यानेच विचारले. मी मागे बसले होते. टेस्टोस्टेरॉनने मिशी येईल का, हा पहिला. येईल, असं उत्तर मिळालं. दुसरा, ड्रिप कधी बंद होणार? बाई म्हणाल्या, स्टिरॉइड चालू आहे तोवर पूर्ण बंद करायची नाही, कारण नवं वाढलेलं हाड औषधाशिवायच उरेल आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर मोडेल. पण पुढचे दोन एक्स-रे असेच स्थिर आले तर डोस कमी करता येईल. त्याने मोबाइलमध्ये पुढच्या एक्स-रेचा महिना लिहून घेतला, आणि मला म्हणाला, बाजूने काढायचा असं चिठ्ठीवर लिहिलंय ना, ते बघ.